ससा कुरतडतो, उकरतो, काय करावे?

हौसेने पाळलेले सशाचे पिल्लू गोणपाट कुरतडते, ओसरी उकरते, म्हणून त्याला मारू नका. सशाचे दात जन्मभर वाढतात. ते झिजण्यासाठी त्याला चावणे भागच असते. वाळले गवत दिवसभर पुढे ठेवा, तुतीच्या काड्या द्या. आपल्या रानातला ससा बीळ करीत नाही, पाळीव ससा मात्र मूळचा बिळातला, तो उकरणारच. खोक्यात वीतभर माती भरून द्या, तेथे खुशाल उकरू दे. भलतीकडे तोंड घातले, की हलकी टाळी वाजवून थांबवा व गवतापाशी न्या. कान धरून उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली असावा. विजेच्या वायरी व औषध लावलेले बियाणे मात्र उंचावरच ठेवा. तेथे शिकवायला वेळ मिळत नाही; पहिलाच चावा जिवावर बेततो.