ब्रश धुतल्याशिवाय काम संपत नाही

यंदा ईदच्या आधी घराला आम्हीच रंग दिला. भिंतींना डिस्टेंपर, दारं-खिडक्यांना ऑइलपेंट. चांद दिसला, शीरखुर्म्याची धांदल सुरू झाली आणि ब्रश गॅलरीत तसेच राहिले. आठ दिवसांनी पाहिलं तर तिन्ही लाकडासारखे कडक. कचऱ्यात टाकायला निघालो आणि अब्बा आठवले.

अब्बा रंगारी होते. त्यांच्या थैलीतला चार इंची ब्रश मी शाळेत असल्यापासून पाहत आलो. कितीही उशीर झाला तरी ब्रश धुतल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. रंग ओला असेपर्यंत हे दहा-पंधरा मिनिटांचं काम. डिस्टेंपर साबण-पाण्याने निघतो. ऑइलपेंटचा ब्रश आधी रद्दी कागदावर पुसायचा, मग थोड्या टर्पेंटाइनमध्ये दोन-तीनदा घोळवायचा, शेवटी साबणाने धुऊन, केस बोटांनी सरळ करून, कागदात गुंडाळून आडवा ठेवायचा. गढूळ टर्पेंटाइन ते मोरीत ओतत नसत. बाटलीत झाकून, चुलीपासून दूर ठेवत. गाळ तळाशी बसला की वरचं निवळ पुन्हा वापरत.

‘शंभर रुपयांच्या ब्रशसाठी एवढा खटाटोप कोण करणार?’ असं आमच्या स्टाफरूममध्ये एकाने विचारलंच. प्रश्न शंभर रुपयांचा नाही. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यात शेरकोट नावाचं गाव ब्रशच्या धंद्यासाठी ओळखलं जातं. तिथे कितीतरी घरांची चूल या कामावर पेटते. कुणीतरी हाताने बांधलेली वस्तू आपण एका दारासाठी वापरतो आणि फेकतो. वर टर्पेंटाइन गटारात सोडतो, ते वेगळंच.

मला जास्त बोचतं ते दुसरंच. अब्बांच्या याच ब्रशवर माझं बी.एड. झालं. वर्गात मी मराठीच्या तासाला श्रमप्रतिष्ठा शिकवतो, उर्दूच्या तासाला मेहनत की अज़मत. घरी मात्र भिंत रंगवतानाचे फोटो काढले आणि ब्रश धुवायचा कंटाळा केला. कष्टकऱ्यांची शिकलेली मुलं आपण. अवजाराची कदर आधी आपणच विसरलो, तर ती पुढे शिकवणार कोण?

डिस्टेंपरचा ब्रश रात्रभर साबणाच्या कोमट पाण्यात ठेवला, जुन्या कंगव्याने विंचरला, बऱ्यापैकी सुटला. ऑइलपेंटचे दोन गेले ते गेलेच. पुढच्या वेळी मुलाच्या हातात ब्रश देईन, तेव्हा धुवायची बादलीही आधीच भरून ठेवीन.