चिपी की मोपा? विमान सव्वा तासाचं, हिशोब मात्र उंबऱ्यापासून

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापासून मुंबई सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी पाचशेच्या आसपास जातं. त्या हिशोबाने पाऊण तासात पोचायला हवं, पण वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास वेळ धरलेली असते. धावपट्टीवर जाणं, चढणं, उतरणं आणि मुंबईच्या आकाशात नंबर लागेपर्यंत घिरट्या, हे सगळं त्यातच आलं.

पण माणूस काही धावपट्टीवर राहत नाही. कणकवलीचं उदाहरण घ्या. चिपीला पोचायला सव्वा-दीड तास. विमान सुटण्याच्या तासभर आधी काउंटर बंद होतो, म्हणजे त्याहून थोडं अगोदर तिथे हजर. मग सव्वा तास हवेत, अर्धा तास सामानाला, पुढे मुंबईचं ट्रॅफिक. बेरीज सहा तासांपर्यंत जाते. पावसाळी वेळापत्रक सोडलं तर वंदे भारतही कणकवलीहून सीएसएमटीला सहा तासांच्या आसपासच नेते, आणि ठाणे-डोंबिवलीवाल्याला तर ती वाटेतच उतरवते. म्हणजे कणकवलीकराला विमानाने वेळ फारसा वाचत नाही. मालवण, परुळे, वेंगुर्ल्याच्या माणसाला मात्र चांगलाच वाचतो.

दक्षिणेकडे गणित पुन्हा फिरतं. गोव्याचं मोपा विमानतळ चिपीपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही नाही. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीला तेच जवळ. तिथून जानेवारी 2023 पासून विमानं सुरू आहेत, आणि एक चुकलं तर दुसरं मिळतं.

चिपीचं दुखणं नेमकं इथेच आहे. 9 ऑक्टोबर 2021 ला उद्घाटन झालं, ‘उडान’ योजनेत मुंबईचं विमान सुरू झालं. या योजनेत तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांचं भाडं अडीच हजारांच्या घरात बांधलेलं असतं आणि कंपनीची तूट सरकार भरून देतं, पण तीनच वर्षं. ती मुदत भरली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या सेवेत खंड पडला. त्याआधीही पावसाळ्यात ढग खाली आले की फेरी रद्द. सकाळी बॅग भरून निघालेल्या माणसाला दुपारी मेसेज आला, की पुढच्या वेळी तो मोपाचंच तिकीट बघणार, मग घर चिपीच्या शेजारी का असेना.

आणि प्रवासी एकदा तिकडे वळला की चिपीच्या विमानात जागा रिकाम्या राहतात. रिकाम्या जागा दाखवून फेरी कमी होते, फेरी कमी झाली की उरलेलेही जातात. हे चक्र नुसत्या स्वस्त तिकिटाने तुटणार नाही. ठरलेल्या वेळेला उडणारं विमान आणि त्याच वेळेला जोडलेली कुडाळ-मालवणची एसटी मिळाली, तर गणपतीला येणारा चाकरमानी मोपाचं भाडं बघण्याआधी एकदा चिपीचं तरी बघेल.