दुसरी पेटी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भोपाळला मामांकडे गेलो होतो. शिवाजीनगरात सहा नंबर स्टॉपजवळ ते राहतात. सकाळी पोळीबरोबर मधाची बाटली पुढे आली. मध तुपासारखा थिजलेला. "साखर मिसळली आहे मेल्याने," मामा म्हणाले. मी म्हटले, "मामा, हा मोहरीचा मध. त्यात ग्लुकोज जास्त, म्हणून तो लवकर थिजतो." एवढ्या ठामपणे बोललो, कारण जावळी तालुक्यात आमच्या घरी दोन मधपेट्या आहेत. खरे म्हणजे एकच. दुसरीत वडील खिळेमोळे ठेवतात.

त्या दुसऱ्या पेटीविषयीच मला लिहायचे आहे.

आधुनिक पेटीवर माझा राग नाही. 1851 साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांच्या ध्यानात आले की, माशीला ये-जा करण्यापुरती नेमकी फट ठेवली तर ती बुजवीत नाही. म्हणून चौकट सुटी उचलता येते, यंत्रात फिरवून मध काढता येतो आणि पोळे माश्यांना परत देता येते. पूर्वी पोळे पिळले की पिल्लांसकट सारा संसार बुडे.

प्रश्न आहे नफ्याचा. मामांची ती बाटली मोरेनाकडची. तिकडचे मधपाळ मेलिफेरा माशीच्या पेट्या ट्रकवर चढवून मोहरीत नेतात, ती ओसरली की दुसऱ्या फुलोऱ्याकडे. आमची माशी सातेरी. जांभूळ, हिरडा फुलला की चार दिवस चैन. मग पावसाळाभर साखरेचा पाक पाजायचा. पाक चुकला, मेणकिडा शिरला की ती एके दिवशी घर सोडून जाते. आमची तशीच गेली. दोन पेट्यांसाठी ट्रक कोण करणार? मध काढायचे यंत्र तरी कोण घेणार? पहिल्या वर्षी पाच किलो मध निघाला. साखर आणि वडिलांचे हेलपाटे धरले तर वहीत फारसे काही उरले नाही. मात्र शेजाऱ्यांचे कारळे त्या साली झकास भरले. ते श्रेय माश्यांचे. पण शेजारी आमच्याकडे आले ते माश्या चावतात म्हणून भांडायला!

कन्नड विभागाच्या वाचकांना कोडगूची हकीकत ठाऊक असेल. 1990 नंतर थाई सॅकब्रूड रोगाने दक्षिणेतील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. पेट्या जागच्या जागी राहिल्या, माश्या गेल्या.

आणि आपण मोजतो पेट्याच. आम्हांला ज्यांनी पेट्या दिल्या त्यांनी वडिलांना हार घातला, फोटो काढला; पावसाळ्यानंतर कोणी फिरकले नाही. माझ्या मते मोजणी दसऱ्याला व्हावी, आणि ती माश्या नांदत असलेल्या पेट्यांची. गावात एक यंत्र सामाईक असावे. महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तेथे लागून जंगल आहे, बहुतेक घरांत हा धंदा आहे आणि विचारायला जाणते शेजारी आहेत. एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या अंगणात पेटी टाकून मांघर कसे होईल?

मामांनी निघताना विचारले, "तुमच्या जांभळाच्या मधाची बाटली कधी पाठवतोस?" थोडा कडवट असतो, चालेल का, असे मी विचारले. ते हो म्हणाले. परत आल्यावर वडिलांना सांगितले, तर त्यांनी खिळ्यांसाठी पत्र्याचा डबा शोधायला घेतला.