सोडून द्यायला सोपी मुलगी

‘हलकंफुलकं आहे रे, कशाला एवढं मनावर घेतोस?’ रोमँटिक कॉमेडीबद्दल तक्रार केली की हे ऐकावं लागतंच. पण गंभीर सिनेमा बघताना आपण सावध तरी असतो. हसता हसता जे आत शिरतं, त्याची झडती कोण घेणार?

अमेरिकन रोमकॉममधली ज्यू स्त्री बघा. १९७२चा ‘द हार्टब्रेक किड’. लेनी आणि लायला हनिमूनला मायामी बीचला जातात. लायला उन्हात भाजून निघते, तोंड माखेपर्यंत एग सॅलड खाते. लेनी तिथेच सोनेरी केसांच्या, ज्यू नसलेल्या केलीच्या मागे लागतो. २०००चा ‘कीपिंग द फेथ’. तरुण ज्यू धर्मगुरू जेकला सिनेगॉगमधल्या आया आपापल्या मुली सुचवतात. त्यातली एक पहिल्याच भेटीत ‘माझ्या पोटात गुद्दा मारून बघ’ म्हणणारी व्यायामवेडी. जेक प्रेमात पडतो तो ज्यू नसलेल्या अ‍ॅनाच्या. सिनेमे सोडा, २०२४च्या ‘नोबडी वॉन्ट्स धिस’ मालिकेतही नायकाची ज्यू प्रेयसी त्याने विचारायच्या आधीच लपवलेली अंगठी शोधून बोटात घालते. झालं! आता तिला सोडायला आपली हरकत नाही.

खरी गोम इथे आहे. नायकाने तिला सोडलं तरी तो आपल्याला आवडत राहायला हवा, म्हणून ती उतावीळ, हट्टी, अति. याला व्यक्तिचित्रण म्हणू नका, ही नायकाची वकिली आहे.

‘पण बनवणारे ज्यूच होते ना?’ होते. ‘हार्टब्रेक किड’ची पटकथा नील सायमनची, दिग्दर्शन इलेन मे यांचं, लायला झाली ती त्यांचीच मुलगी जिनी बर्लिन. पण घरच्यांनी केली म्हणून टिंगल ही टिंगल राहत नाही का? शिवाय लेनी तिला सोडतो तेव्हा मे आपल्याला लायलाचं दुःख दाखवतात, हसू घशात अडकतं. नंतरच्यांनी विनोद तेवढा उचलला.

वेगळं करता येतं. जोन मिक्लिन सिल्व्हर यांच्या १९८८च्या ‘क्रॉसिंग डिलॅन्सी’त आजी इझीसाठी लोणचीवाल्याचं स्थळ आणते. इझी नाक मुरडते, चुकते, मन बदलते. आपण हसतो, पण तिच्या बाजूने. कारण निवड करणारी ती आहे.

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल बायका राहिल्या, तरी आज आपल्यातल्या बहुतेकांना ज्यू स्त्री भेटते ती स्क्रीनवरच. कोडमधली डिफॉल्ट व्हॅल्यू कोणी बदलली नाही की तीच चालत राहते, तसं आहे हे. पुढचा रोमकॉम लावाल तेव्हा एवढंच विचारा: ही मुलगी नकोशी आहे, की कुणाच्या तरी सोयीसाठी नकोशी केलीय?