मैत्रीचा हिशोब तासांत

चाळिशीत गाव बदलले की घर मिळते, मुलांना शाळा मिळते, दूधवालाही मिळतो. मित्र मात्र मिळत नाही. दीड वर्षापूर्वी बदली होऊन सोलापूरहून पुण्यात आलो, तेव्हा हे कळले. सोलापुरात मी कुणाला मित्र 'केले' नव्हते. गल्लीतले क्रिकेट, घरोघरचा शिरखुर्मा, गड्ड्याची जत्रा यांत ते आपोआप झाले होते.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नुकतेच गाव बदललेल्या प्रौढांना नव्या ओळखींविषयी विचारले होते. निष्कर्ष असा की, जुजबी मैत्रीला सुमारे 50 तासांचा सहवास लागतो, खऱ्या मैत्रीला 90 आणि जिवलग व्हायला 200हून अधिक. कामानिमित्त एकत्र घालवलेला वेळ त्यात फारसा उपयोगी पडत नाही.

मग हे तास आणायचे कुठून? पुण्यात घर शोधताना नाव सांगितले की एजंट म्हणत, "मालकांना विचारून कळवतो." फोन कधीच आला नाही. शेवटी कोंढव्यात घर घेतले. शेजार चांगला आहे, तक्रार नाही. पण माझ्या संध्याकाळी आता आपल्याच लोकांत जातात आणि ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या त्यांच्या लोकांत. कुणाच्या मनात द्वेष नसला तरी मैत्री होत नाही, कारण रिकामा वेळ एका जागी जात नाही.

आपण सलोख्यासाठी ईद-मिलन भरवतो, इफ्तारला बोलावतो. जरूर बोलवावे. पण वर्षातून एकदा दोन तास, या हिशोबाने जिवलग व्हायला शंभर वर्षे लागतील!

माझ्या वाट्याला तास आले ते बसमुळे. ऑफिसातला एक साताऱ्याचा गृहस्थ माझ्यासारखाच नवखा. सुटल्यावर आम्ही स्वारगेटपर्यंत वीस मिनिटे चालत जायचो. वर्षभरात नव्वदीच्या आसपास तास झाले असतील. 'अहो'चे 'अरे' कधी झाले, कळले नाही. मागच्या महिन्यात त्याने घर बदलले आणि सामान उचलायला मला हक्काने बोलावले. फ्रिज तिसऱ्या मजल्यावर चढवून दम खात बसलो असताना तो म्हणाला, "वरचा फ्लॅट रिकामा आहे. तूही इकडेच ये की."

तेव्हा मी त्याला एजंटांची गोष्ट प्रथमच सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वर्षभर बोललास का नाहीस?"

प्रश्न रास्त होता. घर नाकारणारे दोषी आहेतच. पण अपमान गिळून अंतर राखण्याची सवय माझीही. दुसऱ्या दिवशी तो मालकाशी बोलायला गेला. उत्तर अजून आलेले नाही. घर मिळेल न मिळेल. वस्त्या वेगळ्या ठेवून मने जोडण्याची भाषणे पोकळ का वाटतात, हे आता आम्हा दोघांना माहीत आहे.