बाटली विकण्याआधी तीन प्रश्न विचारा



कुंड्या, रोपं आणि बागेच्या खतांचं छोटं दुकान टाकायचं म्हणणारे बरेच जण ट्रेनिंगला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, कोणत्या कंपनीचं लिक्विड ठेवू? मार्जिन कशात जास्त आहे?"

माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. मी म्हणतो, बाटल्यांपासून सुरुवातच करू नका. स्वस्तातल्या चार-पाच वस्तू ठेवा आणि त्या कोणाला द्यायच्या नाहीत, हे आधी शिका. बागेच्या खतांच्या धंद्यात "हे तुम्हाला नको" असं सांगणारा दुकानदारच टिकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, पैसे घालवून शिकलोय. दुकान नवीन होतं तेव्हा एक सेल्समन स्कीम घेऊन आला. दोन पेट्या घेतल्या की एक फ्री. बीबीएवाल्या डोक्याने लगेच मार्जिन काढलं आणि माल उचलला. मग काय, जो येईल त्याला "टॉनिक घ्या". घाटाखालून आलेल्या एका काकूंना पण दिलं. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या, हातात मोगऱ्याची करपलेली फांदी. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही देल्लं थे टाकलं, अन् माहा मोगरा वायला न."

चूक बाटलीची नव्हती, माझी होती. काकूंच्या बोअरचं पाणी खारं. कुंडीच्या काठावर पांढरा थर आधीच साचलेला. त्या क्षारांवर मी अजून क्षार ओतायला दिले. मी त्यांना एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. पैसे परत केले, पण काकू पुन्हा दुकानात आल्या नाहीत. उरलेल्या बाटल्या रॅकवरच एक्सपायर झाल्या.

तेव्हापासून काउंटरवर तीन प्रश्न ठरलेत.

पहिला प्रश्न : पाणी कुठलं?

आपल्या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली हे दोन वेगळे धंदे आहेत, असंच समजा. घाटाखाली पूर्णा नदीच्या काठाने शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाण पट्टा लागतो. तिथलं बरंच पाणी खारं. असा ग्राहक आला की खत कमी सांगायचं. आधी कुंडीत भरपूर पाणी ओतून खालच्या छिद्रातून क्षार धुवून काढायचे, आणि जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवायचं. या सल्ल्यात तुम्हाला एक रुपया मिळत नाही. पण झाड जगतं आणि माणूस परत येतो.

दुसरा प्रश्न : माती कुठली?

मोबाईलवर बघून लोक कुंडीत अंड्याची टरफलं टाकतात, चुना टाकतात, चुलीची राख टाकतात. ज्या भागात माती आंबट असते, तिथे हे चालतं. आपली माती बेसाल्ट खडकापासून बनलेली. काळ्या मातीत चुनखडी बहुतेक ठिकाणी आधीच असते आणि सामू साधारण साडेसात ते साडेआठच्या घरात. टरफल म्हणजे पण चुनखडीच. म्हणजे चुन्यावर चुना! बोनमीलचं पण तसंच आहे. त्यातला स्फुरद सुटायला आंबट माती लागते, आपल्याकडे तो बराचसा तसाच अडकून राहतो.

दुकानात एक छोटा प्रयोग दाखवा. ग्राहकाला चिमूटभर कोरडी माती आणायला सांगा आणि तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे. ग्राहक स्वतःच्या डोळ्याने बघतो, तुम्हाला भाषण द्यावं लागत नाही. मोठी बाग असेल तर सरळ माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात पाठवा.

आणि बोनमील विकायचंच असेल तर ते हाडांचं असतं, हे आधी सांगा. तुळशीला किंवा देवाच्या फुलझाडांना ते घालणं अनेक घरांत चालत नाही. नंतर कळलं तर तो माणूस तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही.

तिसरा प्रश्न : पिवळं पान नवं की जुनं?

"माह्या जास्वंदीची पानं पिवळी पडली" ही आपल्या धंद्यातली सगळ्यात मोठी तक्रार. इथे फोटो मागा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर बहुतेक वेळा लोह मिळत नाहीये. खालची जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी, तर मॅग्नेशियमचा संशय घ्या. खालची जुनी पानं सगळीच फिक्कट, तर नत्र कमी. आणि कुंडीत सतत चिखल असेल तर काहीच विकू नका, पाणी कमी करायला सांगा.

मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट, म्हणजेच मॅग्नेशियम सल्फेट. ते "सगळ्या झाडांचं टॉनिक" म्हणून विकलं जातं. त्यात मॅग्नेशियम आणि गंधक सोडून तिसरं काही नाही. कमतरता नसेल तर उपयोग नाही.

लोहासाठी फेरस सल्फेट, गावाकडच्या भाषेत हिराकस. चुनखडीच्या मातीत नुसतं टाकलं तर ते लवकर निकामी होतं. म्हणून शेणखतात मिसळून द्यायचं. किंवा लिटरला दोन-तीन ग्रॅम, त्यात चिमूटभर लिंबूसत्व, आणि संध्याकाळी फवारणी. आधी एकाच फांदीवर करून बघायला सांगा. फरशीवर तांबडे डाग पडतात, हे पण सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरच्या वहिनी भांडायला येतील! चिलेटेड लोह ठेवणार असाल तर लेबल वाचा. ईडीटीए आपल्या मातीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं. ते महाग असतं, म्हणून खरी गरज असलेल्यालाच द्या.

आता हिशेब

किंमत बाटलीची बघू नका, कुंडीची बघा. समजा लिंबोळी पेंड ६० रुपये किलो आहे. बारा इंची कुंडीला दोन महिन्यांतून एकदा ५० ग्रॅम. एका किलोत २० कुंड्या, म्हणजे कुंडीला ३ रुपये. आता समजा २५० मिलीची बाटली २०० रुपयांना आहे आणि लिटरला ५ मिली टाकायचं आहे. ५० लिटर द्रावण होतं. दर पंधरा दिवसांनी एका कुंडीला एक लिटर धरलं तर दोन महिन्यांत ४ लिटर, म्हणजे १६ रुपये. हा हिशेब ग्राहकासमोर कागदावर मांडा, मग ठरवू द्या त्याला.

सुरुवातीला माल एवढाच : गांडूळ खत, लिंबोळी पेंड, मॅग्नेशियम सल्फेट, फेरस सल्फेट. गांडूळ खत जवळच्या महिला बचत गटाकडून मिळालं तर उत्तम. हातात घेऊन बघा : गडद रंग, घाण वास नाही, मूठ दाबली तर पाणी गळत नाही. एरंडी पेंड स्वस्त मिळते, पण कुत्र्याने खाल्ली तर विषबाधा होते. ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला ती देऊ नका.

आणखी एक. एप्सम सॉल्ट आणि हिराकस ही खनिजं आहेत. त्यांच्या पुडीवर "ऑर्गॅनिक" लिहू नका. चार जणांना कळणार नाही, पण पाचवा विचारेलच.

कागदपत्रं

खतांची विक्री खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली येते. २००६ पासून सेंद्रिय आणि जैविक खतं त्यात आहेत. ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क अशी जैव-उत्तेजकं २०२१ पासून आली. म्हणजे पुडी छोटी असली तरी परवान्याचा विषय मोठा आहे. माझ्यासारखं कृषीचं शिक्षण नसेल तर प्रशिक्षणाची अट पण आहे. पोतं फोडून स्वतःचं लेबल लावण्याआधी कृषी विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. माल घेतल्यावर नाही, घेण्याआधी.

तुम्ही म्हणाल, सर, असं नाही-नाही म्हणत बसलो तर गल्ला कसा भरणार? खरं आहे, त्या दिवशीची विक्री कमी होते. बाटलीत मार्जिन जास्त आहे, हे मी नाकारत नाही. पण आपलं गाव केवढं? एका कॉलनीत एक मोगरा वाळला की चार घरांत बोलणं होतं. आणि एक जास्वंद हिरवी झाली तरी होतंच. मोठ्या शहरात रोज नवा ग्राहक मिळेल. आपल्याकडे तोच माणूस पुन्हा येणार आहे, किंवा कधीच येणार नाही.

म्हणून स्कीमचा सेल्समन समोर बसला असेल तर त्याला चहा पाजा, पण ऑर्डर देऊ नका. आधी आठवडाभर येणाऱ्या प्रत्येकाला हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा. काय माल भरायचा ते ती वहीच सांगेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत.