फिल्मी नेचं आणि दहा झाडांचा हिशोब

'एक तोडलं तर दहा लावू' हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकंच फिरतं. कारण आहे बोटाएवढं एक पान.

तर झालं असं, गेल्या पावसाळ्यात एका विकांताला आंबोलीला गेलो होतो. बाकीची गँग धबधबा आणि भजी यात दंग. ओढ्याकाठच्या दगडावर शेवाळासारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. सोबतच्या वनस्पतीवाल्या मित्राने मागून टॉर्च धरला, तर पान चक्क आरपार! "शेवाळ नाही रे, नेचं आहे. फिल्मी फर्न." (बॉलीवूडशी संबंध नाही. फिल्म म्हणजे पापुद्रा.)

घरी येऊन वाचत बसलो. हायमेनोफायलेसी हे कूळ. जगात चारशेच्या वर जाती, बहुतेक उष्ण प्रदेशातल्या ओल्या जंगलांत, काही आपल्या सह्याद्रीतही. शिरा सोडल्या तर पानाची जाडी बहुतेक जातींत फक्त एका पेशीची. एका! आंब्याच्या पानावर पाणी उडू नये म्हणून मेणचट थर असतो, तो इथे जवळपास नाहीच. श्वासाची छिद्रंही नाहीत. हवेत ओल आहे तोवर पान ताजं, ओल गेली की आक्रसून जातं. बऱ्याच जाती पाऊस आला की पुन्हा उलगडतात, पण किती दिवस कोरडं राहायचं यालाही मर्यादा आहेच ना. म्हणजे बादलीभर पाणी घालून हे जगत नाही. त्याला ओली हवा लागते, आणि ती कोंडून धरायला डोक्यावर जुनं, दाट जंगल लागतं.

आता सरकारी हिशोब बघा. जंगल प्रकल्पाला दिलं की दुसरीकडे झाडं लावून भरपाई करायची. त्या पैशांसाठी २०१६ चा खास कायदाही आहे. ग्रेट निकोबारचं सुमारे १३० चौरस किलोमीटर वर्षावन प्रकल्पाला द्यायला २०२२ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. भरपाईची झाडं कुठे? हरियाणात!! आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवायचा, दुसऱ्या सर्व्हरवर तेवढ्याच साइजची रिकामी फाइल बनवायची आणि क्लायंटला कळवायचं, रिस्टोअर झालं. साइज मॅच होतेय की.

तुम्ही म्हणाल, इवल्याशा नेच्यासाठी काय रस्ते थांबवायचे? काही थांबवावेत, हो. आणि जे नाही थांबवणार, तिथे निदान 'कायमचं गेलं' असं लिहा. भरपाई झाली म्हणून शून्य बाकी कसली दाखवता?

मी मूळचा कुरुंद्याचा. वसमत तालुका, हिंगोली जिल्हा, हळदीचा मुलूख. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्याकडे साधारण हजाराच्या आतच. आमच्याकडे झाडं लावू नका असं मी कशाला म्हणेन? लिंब, पळस, बाभूळ, बोर, लावा की भरपूर. उन्हाळ्यात टेकायला सावली तरी होईल. पण ती कुरुंद्यासाठी लावा. सह्याद्रीतल्या कुठल्या तरी खाणीची पावती म्हणून नको. राज्यात २०१९ साली ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं, तेव्हाही सगळी चर्चा आकड्याचीच. कुठलं झाड, कुठे, कशासाठी, हे विचारणारा म्हणजे विकासाचा शत्रू. असो.

दिवाळीत गावी काकांना त्या नेच्याचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून नीट बघितला.

"ह्याला खत कोणतं लागतंय?"

"खत नाही काका. सावली आणि ओल. बारा महिने."

"मग आपल्याकडं नाही जगायचं ते," म्हणाले, आणि मोबाइल माझ्या हातात देऊन हळदीकडे निघून गेले.

सोमवारी हापिसात मेल आली होती. आमची कंपनी मराठवाड्यात पाच हजार रोपं लावून 'नेट झिरो' होणार आहे. सोबत टी-शर्टची साइज विचारलीय. मी अजून कळवलेली नाही.